वेलिंग्टन ते पिक्टन: कुकची सामुद्रधुनी पहिल्यांदा ओलांडताना

न्यूझीलंडला नव्याने आलेल्या मराठी घरात दक्षिण बेटाच्या सहलीचा बेत शिजायला लागला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मधे पूल आहे ना?" नाही. पूल नाही, बोगदाही नाही. उत्तर बेट आणि दक्षिण बेट यांच्यामध्ये कुकची सामुद्रधुनी आहे आणि ती ओलांडायची तर बोट नाहीतर विमान. मग दुसरा प्रश्न: "किती रुंद आहे?" सगळ्यात अरुंद जागी साधारण २२ किलोमीटर. हे ऐकलं की समोरचा मनातल्या मनात तासाभराचा हिशेब मांडतो, संध्याकाळचं क्राइस्टचर्चचं हॉटेल ठरवून टाकतो आणि तिथेच फसतो.

आम्ही वेलिंग्टनला राहतो. पाहुण्यांना घेऊन, सामान घेऊन, एकदा तर अख्खं घर हलवणाऱ्या मित्राच्या मागे गाडी लावून ही सामुद्रधुनी बऱ्याच वेळा ओलांडली. पहिल्यांदा जाणाऱ्याला फोनवर जे अर्धा तास सांगावं लागतं, ते इथे एकदाच लिहून ठेवतोय.

आधी नकाशा नीट पाहा

गंमत अशी की 'दक्षिण' बेटावर जाण्यासाठी बोट दक्षिणेला जात नाही. वेलिंग्टन आणि पलीकडचं पिक्टन जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. बोट बंदरातून दक्षिणेकडे बाहेर पडते, उजवीकडे वळते आणि चक्क पश्चिमेला निघते. हा सगळा प्रवास सुमारे ९२ किलोमीटरचा आहे आणि त्याला साडेतीन तास लागतात. त्याचे तीन तुकडे डोक्यात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आधी वेलिंग्टनचं बंदर, तिथे पाणी बऱ्यापैकी शांत. मग मोकळी सामुद्रधुनी. काय ती परीक्षा इथेच. आणि शेवटचा तास-सव्वा तास मार्लबरो साउंड्समध्ये. हे साउंड्स म्हणजे समुद्रात बुडालेल्या दऱ्या. डोंगर गुडघाभर पाण्यात उभे असल्यासारखे दिसतात आणि बोट त्यांच्यामधून वाट काढत जाते. कोकणातल्या खाडीत शिरल्यासारखं वाटतं, फक्त माडांऐवजी पाइनची झाडं.

मधला तुकडा एवढा बदनाम का, तेही सांगतो. शाळेच्या भूगोलात 'गरजणारे चाळीस' वाचलेलं आठवतंय? चाळीस अंश दक्षिणेपलीकडे पश्चिमेकडून वाहणारे ते वारे. वेलिंग्टन ४१ अंशावर आहे. दोन्ही बेटांवर डोंगररांगांच्या भिंती आहेत आणि त्यांत मोठी फट अशी ही एकच. त्यामुळे सगळा वारा या नरसाळ्यातून घुसतो. त्यात भरती-ओहोटीची भानगड. सामुद्रधुनीच्या एका तोंडाला भरती असते तेव्हा दुसऱ्या तोंडाला जवळपास ओहोटी. दोन्हींच्या वेळांत सुमारे पाच तासांचा फरक. आपल्याला किनाऱ्यावर वर-खाली होणारं पाणी माहीत असतं. इथे ते एका बाजूने दुसऱ्या बाजूला नदीसारखं वाहतं, आणि वारा त्या प्रवाहाच्या उलट असला की लाटा उभ्याच्या उभ्या राहतात.

बोट की विमान

वेलिंग्टनहून नेल्सन किंवा ब्लेनहाइमला विमानाने अर्ध्या तासाच्या आसपास पोचता येतं. दोन दिवसांचीच रजा असेल, नाहीतर घरातल्या कुणाला समुद्राची धास्ती असेल, तर विमान घ्या आणि अपराधी वाटून घेऊ नका. पण स्वतःची गाडी न्यायची असेल, सामान भरपूर असेल, किंवा आईवडील पहिल्यांदाच आले असतील, तर बोटच. चांगल्या दिवशी तिच्यासारखी सहल नाही.

तिसराही एक मार्ग आहे: पोहून. थट्टा नाही. १९६२ मध्ये बॅरी डेव्हनपोर्टने तो पार केला. पुण्याच्या रोहन मोरेने फेब्रुवारी २०१८ मध्ये हीच सामुद्रधुनी पोहून 'ओशन्स सेव्हन' म्हणजे जगातल्या सात कठीण सामुद्रधुन्या-खाड्यांचा संच पुरा केला, आणि तो पुरा करणारा तो पहिला आशियाई ठरला. पाणी बर्फासारखं गार, प्रवाह बाजूला ओढणारे. पुढे डेकवर उभे राहाल तेव्हा रेलिंगवरून खाली बघून त्याची आठवण काढा.

तिकीट

दोन कंपन्या आहेत, इंटरआयलंडर आणि ब्लूब्रिज. दोघींच्या बोटी वेलिंग्टन-पिक्टन एवढ्याच मार्गावर दिवसरात्र ये-जा करतात. इंटरआयलंडरच्या सध्या कैटाकी आणि कैआराही अशा दोन बोटी आहेत. तिसरी, अराटेरे, ऑगस्ट २०२५ मध्ये निवृत्त झाली. आगगाडीचे डबे थेट पोटात घेणारी ती शेवटची होती. १९६२ साली अरामोआना बोटीपासून सुरू झालेली ती सोय तूर्त बंद आहे आणि रेल्वेचा माल ट्रकवर चढवून पलीकडे न्यावा लागतो. नव्या बोटी २०२९ मध्ये यायच्या आहेत. तुम्हाला याचा उपयोग एवढाच, की बोटी कमी म्हणजे गाड्यांसाठी जागाही कमी. एक फेरी रद्द झाली की पुढच्या फेऱ्या तुडुंब भरतात.

त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत, ईस्टरला, शाळेच्या सुट्ट्यांत गाडीसह जायचं असेल तर काही महिने आधी बुकिंग करा. नुसतं पायी चढणाऱ्याला बहुतेकदा आयत्या वेळीही जागा मिळते. बुकिंग करताना गाडीची लांबी विचारतात. मागे सायकलचा स्टँड असेल तर तो धरून लांबी टाका, टपावर सामान असेल तर उंचीसुद्धा. धक्क्यावर ते मोजतात आणि फरकाचे पैसे घेतात. एका काकांनी मागे चार सायकली लावून "गाडी तर तेवढीच आहे" म्हणून वाद घातला होता. मागच्या रांगेतल्या आम्हा सगळ्यांची करमणूक झाली, काकांना पैसे भरावेच लागले.

स्वस्त तिकिटाच्या मोहात पडू नका, हा माझा आग्रह आहे. सगळ्यात स्वस्त तिकिटात बदल करता येत नाही किंवा बदलाला दंड असतो, आणि या सामुद्रधुनीवर बेत बदलायची पाळी कधी येईल सांगता येत नाही. दोन पैसे जास्त गेले तरी बदलता येणारं घ्या.

भाड्याची गाडी असेल तर कंपनीला आधी विचारा. काही जण गाडी बोटीतून न्यायला परवानगी देतात. काही जण ती वेलिंग्टनच्या धक्क्यावर ठेवायला सांगतात आणि पिक्टनला उतरल्यावर दुसरी देतात. दुसरी पद्धत ऐकायला कटकटीची वाटते, पण गाडीचं बोटभाडं वाचतं. फक्त सगळं सामान हातात घेऊन चढायचं आहे हे लक्षात घेऊन बॅगा भरा. मसाल्यांच्या डब्यांसकट सहा नग घेऊन धक्क्यावर उभं राहिलेलं कुटुंब मी पाहिलंय. खरं सांगायचं तर ते आमचंच होतं.

हवा: वेळापत्रकाच्या वरची

जायच्या तीन दिवस आधीपासून मेटसर्व्हिसचा, म्हणजे इथल्या हवामान खात्याचा, समुद्राचा अंदाज पाहायला लागा. त्यात 'कुक' नावाचा स्वतंत्र विभाग आहे. वारा नॉटमध्ये देतात. एक नॉट म्हणजे तासाला साधारण १.८५ किलोमीटर. पण वाऱ्याच्या आकड्यापेक्षा दिशा आणि लाटेची उंची महत्त्वाची. उत्तर-पश्चिमेचा वारा इथे रोजचाच, बोटी त्याला जुमानत नाहीत. दक्षिणेचा वारा वेगळा. तो थेट दक्षिण महासागराकडून लाटा ढकलत आणतो, लांबलचक आणि जड. माझा घरगुती नियम सांगतो: दक्षिणेकडून चार मीटरच्या पुढे लाटा दाखवत असतील आणि तिकीट बदलता येत असेल, तर बदलतो. दोन मीटरपर्यंत काही वाटत नाही. मधल्या आकड्यांना बोट लागू नये म्हणून गोळी घेतो.

फेरी रद्द करायची की नाही हे कंपनी आणि कप्तान ठरवतात. त्यांच्याशी हुज्जत घालू नका. या पाण्याला इतिहास आहे. १० एप्रिल १९६८ ला दक्षिण बेटावरच्या लिटलटनहून आलेली वाहिने ही फेरीबोट, चक्रीवादळात सापडून, वेलिंग्टन बंदराच्या अगदी दारातल्या बॅरेट खडकावर आदळली. बोटीवर सातशेहून अधिक माणसं होती. त्या दिवशी ५१ जण गेले, तेही शहर डोळ्यांसमोर दिसत असताना. वेलिंग्टनच्या म्हाताऱ्या माणसांसमोर वारा सुटला की अजून तो विषय निघतो.

आमची स्वतःची पहिलीच फेरी रद्द झाली. जानेवारी महिना, सकाळी सहाला फोनवर मेसेज. बाहेर ऊन पडलेलं, आकाश निळंशार, त्यामुळे विश्वासच बसेना. वारा रात्री पडला होता, पण लाटा पडल्या नव्हत्या. गाडीसह पुढची जागा तीन दिवसांनंतरची मिळाली. नेल्सनच्या हॉटेलचे पैसे बुडाले, तिथल्या बोटसफारीचेही. तेव्हापासून तीन गोष्टी पाळतो. पिक्टनला पोचायच्या दिवशी पुढे कुठलंही विमान नाही. पहिल्या रात्रीचं राहणं रद्द करता येईल असंच. आणि परतताना कामावर हजर व्हायच्या आदल्या रात्रीची फेरी कधीही नाही, मधे एक दिवस मोकळा.

जायचा दिवस

कुठल्या धक्क्यावर जायचं ते आदल्या रात्रीच पाहून ठेवा. ब्लूब्रिजचा धक्का वेलिंग्टन रेल्वे स्टेशनच्या समोर आहे, पायी जाता येतं. इंटरआयलंडरचा तिथून उत्तरेला दोनेक किलोमीटरवर आहे, बॅगा ओढत चालण्यासारखा नाही. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी चुकीच्या धक्क्यावर जाऊन उभं राहतं.

गाडी असेल तर सुटायच्या तासभर आधी रांगेत असायलाच हवं. नेमकी वेळ तिकिटावर असते, तीच खरी माना. रांगेत उभं असताना एक पिशवी वेगळी काढून ठेवा: जॅकेट, औषधं, पाणी, खाऊ, चार्जर, मुलांचे कपडे. कारण गाडी बोटीच्या पोटात लावली की वर जायचं, आणि बोट चालू असेपर्यंत खाली येऊ देत नाहीत. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चोरीचा अलार्म बंद करा. बोट डोलली की डझनभर गाड्या एकदम बोंबलायला लागतात आणि त्यांतली आपली कुठली ते ओळखू येत नाही. गॅसची टाकी असेल तर ती आधी सांगावी लागते आणि बंद ठेवावी लागते. आपण कुठे उभे आहोत तो मजल्याचा आणि जिन्याचा क्रमांक मोबाइलवर टिपून घ्या. उतरताना सगळ्या जिन्यांची तोंडं सारखीच दिसतात.

पायी चढणाऱ्यांनी मोठ्या बॅगा विमानतळासारख्या काउंटरवर द्यायच्या, पिक्टनला पट्ट्यावर मिळतात.

बोट लागते त्याचं

ज्याला गाडी लागते त्याला बोट लागणारच, हे गृहीत धरा. ज्याला गाडी लागत नाही त्यालाही लागू शकते. आमच्या सासूबाईंचं माहेर दाभोळचं. "जन्मभर धोपाव्याची फेरी केली मी, मला कसली लागते बोट!" असं म्हणून त्यांनी गोळी नाकारली आणि बंदरातच चहाबरोबर तळलेला मासा आणि बटाट्याच्या फोडी मागवल्या. बोट बंदराच्या तोंडाशी, पेनकॅरोच्या टोकापाशी आली. कपातला चहा आधी एका बाजूच्या काठापर्यंत गेला, थांबला, मग सावकाश दुसऱ्या काठाकडे निघाला. सासूबाई त्याच्याकडे बघत होत्या. पुढच्या पाच मिनिटांत त्यांचं बोलणं थांबलं. बोलणं थांबलं की समजावं.

तर गोळी निघायच्या आधी घ्यायची, बोट डोलायला लागल्यावर तिचा काही उपयोग नाही. औषधाच्या दुकानात विचारून घ्या, आणि गाडी चालवणाऱ्याने झोप न आणणारी मागून घ्या. पिक्टनला उतरल्या उतरल्या डोंगरातले वळणाचे रस्ते सुरू होतात. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि तुडुंब भरल्या पोटीही नको. दशमी, टोस्ट, केळं असलं काहीतरी. आलेपाकाच्या वड्या आमच्याकडे पिशवीत कायम असतात. जागा बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर धरा. सगळ्यांना पुढची मोठ्या काचेची जागा हवी असते, आणि डोल सगळ्यात जास्त तिथेच असतो. मोबाइल खाली ठेवा, दूर क्षितिजाकडे बघा. वारा सोसवत असेल तर बाहेर डेकवर उभं राहणं सगळ्यात बरं. ओढणी, टोपी, चष्मा सांभाळा. डेकचं दार उघडताना मुलाचा हात दुसऱ्या हातात घट्ट.

कागदी पिशव्या जागोजागी ठेवलेल्या असतात. लाज वाटून घेऊ नका.

काय बघायचं, कुठल्या बाजूला

वेलिंग्टनहून जाताना उजवी बाजू धरा. बंदरातून बाहेर पडताना मात्र क्षणभर डावीकडे पेनकॅरोच्या टेकडीवरचं पांढरं दीपगृह बघा. न्यूझीलंडमधलं ते पहिलं कायमचं दीपगृह, १८५९ चं, आणि त्याची पहिली राखणदार मेरी जेन बेनेट नावाची बाई होती. उजवीकडे पाण्यातून डोकी काढलेला बॅरेट खडक. मग बोट वळते, उजवीकडे वेलिंग्टनचा उघडाबोडका दक्षिण किनारा आणि डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्या लागतात. हवा स्वच्छ असली तर डावीकडे लांबवर काइकोराच्या रांगा, थंडीत बर्फाने पांढऱ्या. अल्बाट्रॉस बहुधा इथेच दिसतो, पंख न हलवता लाटेच्या अंगाअंगाने जाणारा.

इथले मूळ रहिवासी माओरी या पाण्याला 'ते मोआना ओ राउकावा' म्हणतात. कुपे नावाच्या पूर्वजाने एका महाकाय ऑक्टोपसचा पाठलाग करत इथे त्याला मारलं, आणि त्याचे डोळे म्हणजे सामुद्रधुनीतले दोन खडक, अशी त्यांची कथा आहे. पहिल्यांदा ओलांडणाऱ्याने त्या खडकांकडे बघायचं नाही, म्हणून पूर्वी नवख्याचे डोळे झाकत. युरोपीयांना मात्र ही सामुद्रधुनी आहे हेच उशिरा कळलं. १६४२ मध्ये डच दर्यावर्दी टास्मान हिला उपसागर समजून निघून गेला. १७७० च्या जानेवारीत इंग्रज दर्यावर्दी कुकने आरापाओआ बेटावरची टेकडी चढून पलीकडचं पाणी पाहिलं, तेव्हा उलगडा झाला.

तुमच्या पायाखालून, समुद्रतळावरून, आणखी एक प्रवास चालू असतो: विजेचा. दक्षिण बेटाच्या धरणांवरची वीज १९६५ पासून इथल्या केबलमधून उत्तरेला येते. त्या पट्ट्यात नांगर टाकायला आणि मासेमारीला बंदी आहे.

मग साउंड्समध्ये शिरणाऱ्या टोरी चॅनेलचं तोंड येतं. लांबून बघताना वाटतं, बोट डोंगरावरच आपटणार. अगदी जवळ गेल्यावर फट दिसते आणि बोट तीत शिरते. डोल थांबतो. इंजिनाचा आवाज एकदम मोठा वाटायला लागतो, कारण वाऱ्याचा आवाज गेलेला असतो. आडवे झालेले लोक एकेक करून उठून बसतात. सासूबाईंनी डोळे उघडले, काचेतून दोन्हीकडचे हिरवे डोंगर पाहिले आणि विचारलं, "दशमी उरली आहे का?"

आता सगळ्यांनी डेकवर यायचं. उजवीकडे आरापाओआ बेट. त्याच्या किनाऱ्यावर जुन्या व्हेल मारण्याच्या केंद्राचे अवशेष दिसतात. ते १९६४ पर्यंत चालू होतं. पाण्यात सामन माशांच्या शेतीचे पिंजरे. डॉल्फिन दिसलेच तर इथे बघायला सोपे, पाणी सपाट असतं. नंतर बोट डावीकडे वळून क्वीन शार्लट साउंडमध्ये येते आणि त्याच्या टोकाला पिक्टन.

उतरल्यावर

गाड्यांच्या मजल्यावर जायची सूचना होईपर्यंत जिन्यात गर्दी करू नका, आणि पुढची गाडी हलेपर्यंत इंजिन सुरू करू नका. बंद जागेत धूर कोंडतो. क्राइस्टचर्च इथून साधारण ३४० किलोमीटर, थांबत गेलं तर सहा तास. नेल्सन दोनेक तास. उन्हाळ्यात क्राइस्टचर्चला किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी कोस्टल पॅसिफिक रेल्वेही पिक्टनहून सुटते. संध्याकाळची फेरी असेल तर पुढे जायचा हट्ट नको, पिक्टनलाच मुक्काम करा. गाव पायी फिरण्याएवढं आहे.

परतताना एक काम लक्षात ठेवा. दक्षिण बेटाच्या नद्यांमध्ये २००४ मध्ये डिडिमो नावाचं शेवाळासारखं काहीतरी सापडलं. दगडांवर बुळबुळीत थर धरतं आणि नदीची वाट लावतं. उत्तर बेट अजून त्यापासून सुटलेलं आहे. नदीत उतरला असाल तर बूट, गळ, कयाक, मुलांच्या पाण्यातल्या चपला, सगळं घासून, धुऊन, पूर्ण वाळवूनच बोटीवर आणा. ओले बूट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डिकीत टाकणं म्हणजे ते शेवाळ जिवंत ठेवणंच.

आणि येताना डावीकडची खिडकी धरा.